वारा पडला, तरी शर्यत सुरूच! शिडाच्या बोटी कमी वाऱ्यात पळतात कशा?

तुर्भे : कांदा-बटाट्याची गाडी घेऊन तुर्भ्याच्या मार्केटला येणाऱ्या शेतकऱ्याला इथला वाहनतळ माहीत असतो, गाळे माहीत असतात, चहाची टपरी माहीत असते. पण या मार्केटच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर ठाण्याची खाडी आहे, तिकडं सहसा कुणी जात नाही. वाशीच्या पुलावरून ही खाडी नीट दिसते. पुढं दक्षिणेला पलीकडच्या काठावर ट्रॉम्बे लागतं. गंमत म्हणजे त्या ट्रॉम्बेलाही मराठीत तुर्भेच म्हणतात. एका खाडीच्या दोन काठांवर दोन तुर्भे.

हीच खाडी दक्षिणेला रुंद होत जाते आणि मुंबईच्या बंदराला मिळते. एका बाजूला उरणचं जेएनपीए बंदर, मध्ये घारापुरीचं बेट आणि पलीकडं गेटवे ऑफ इंडिया. पावसाळा संपला की पुढच्या मे महिन्यापर्यंत गेटवेसमोरच्या पाण्यात पांढरी शिडं दिसायला लागतात. इंजिन नाही, वल्हं नाही. तिथंच जवळ १८४६ साली स्थापन झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे, कुलाब्याला कुलाबा सेलिंग क्लब आहे. नोकरी-धंदा सांभाळून हौसेनं शीड धरणारी माणसं सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी इथं शर्यती लावतात.

जोराच्या वाऱ्यात बोट पळते, हे कुणालाही समजतं. पण संध्याकाळी वारा पडत आला, धूर सरळ वर जायला लागला, तरी या बोटी शर्यत सोडत नाहीत. ते कसं जमतं, आणि गावाकडच्या पोरापोरींसाठी यात काही आहे का, हे समजून घेऊ.

वारा संध्याकाळीच का पडतो?

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलेले असतात. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो, मग वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो. हा मतलई वारा.

या दोन वाऱ्यांची पाळी बदलते ती संध्याकाळनंतर. खारा वारा दुपारी दोन ते चारच्या सुमाराला जोरात असतो. ऊन उतरलं की त्याचा दम जातो. मतलई वारा अजून सुटलेला नसतो. मधल्या वेळात पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं.

मुंबई बंदराची आणखी एक अडचण आहे. हे बंदर शहराच्या पूर्वेला आहे आणि दुपारचा वारा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो. म्हणजे तो उंच इमारती ओलांडून पाण्यावर उतरतो. इथं एक झुळूक, तिथं काहीच नाही, असा तुकड्या-तुकड्यानं मिळतो.

ज्यांनी खळ्यावर उफणणी केली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाटी डोक्यावर धरून माणूस उभा असतो आणि वारा येत नाही. झुळूक आली की तेवढ्यात धान्य सोडायचं, थांबली की हात थांबवायचा. बोटीवरही तेच चालतं.

वाऱ्याच्या समोर बोट जाते कशी?

मुरूडला जंजिरा किल्ला पाहायला गेलेल्यांपैकी बरेच जण राजपुरीहून शिडाच्या होडीतून गेले असतील. तिथं नावाडी शीड इकडून तिकडं फिरवतो आणि होडी तिरकी जाते. शर्यतीची बोटही त्याच तत्त्वावर चालते.

वारा पाठीमागून असला की काम सोपं. वारा ढकलतो, बोट जाते. वारा बाजूनं किंवा पुढून तिरका असला की शिडाला बाक येतो आणि ते बोटीला आडवं आणि थोडं पुढं असं ढकलतं. बोटीच्या पोटाखाली पाण्यात एक उभी फळी असते. ती बोटीला आडवं सरकू देत नाही. मग बोट जाणार कुठं? पुढंच. ओला चिंचोका चिमटीत दाबला की जसा सटकतो, तसंच.

पण अगदी वाऱ्याच्या तोंडावर बोट जात नाही. शीड नुसतं फडफडतं. वारा जिथून येतो तिकडं जायचं असेल तर साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं असं नागमोडी जावं लागतं. घाटातला रस्ता सरळ डोंगरावर चढत नाही, वळणं घेत चढतो, तसं. दर वळणावर शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं आणि त्यात वेग जातो. वारा कमी असला की एकेक वळण महाग पडतं.

वाऱ्याचा हिशेबही लक्षात घ्या. वारा निम्मा झाला की शिडावरचा जोर निम्मा होत नाही, चौथाईच उरतो. दुपारी ओढ घेणारी बोट संध्याकाळी रांगते, त्याचं कारण हे आहे.

समुद्रावर वाऱ्याचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. १ ते ३ नॉट वारा असेल तर धूर तिरका जातो, पण पानं हलत नाहीत आणि पाण्यावर माशाच्या खवल्यांसारखी बारीक लहर दिसते. ४ ते ६ नॉटला वारा तोंडाला लागतो, पानं सळसळतात. संध्याकाळची शर्यत बहुतेक या दोन पायऱ्यांवरच चालते.

शर्यत कशी लावतात?

एका बाजूला पंचांची बोट नांगर टाकून उभी असते, दुसऱ्या बाजूला पाण्यावर तरंगणारा बोया. या दोघांमधली कल्पनेतली रेघ म्हणजे सुरुवातीची रेषा. पहिला पल्ला शक्यतो वाऱ्याच्या दिशेनं ठेवतात. वरच्या बोयाला वळसा घालायचा, खाली यायचं, ठरलेल्या फेऱ्या पूर्ण करायच्या.

सुरुवात पाच मिनिटांची असते. पाच मिनिटं आधी पहिला झेंडा आणि भोंगा, चार मिनिटांवर दुसरा झेंडा, एक मिनिट उरलं की दुसरा झेंडा खाली आणि लांब भोंगा, मग पहिला झेंडा खाली आला की शर्यत सुरू. बैलगाडा शर्यतीसारखं इथं थांबून उभं राहता येत नाही, कारण बोटीला ब्रेक नाही. सगळ्या बोटी रेषेच्या मागं घिरट्या घालत असतात आणि बरोबर शून्याला रेषेवर यायचा प्रयत्न करतात.

वेळेआधी रेषा ओलांडली तर मागं येऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. जोराच्या वाऱ्यात हे अर्ध्या मिनिटाचं काम. वारा नसताना आणि पाण्याची ओढ उलटी असताना त्यातच दहा मिनिटं जाऊ शकतात. म्हणून अशा संध्याकाळी शहाणा सुकाणूवाला दोन हात मागंच राहतो.

वारा नसताना बोटीवर काय चालतं?

समजा एका बोटीवर तिघे आहेत. एक सुकाणूवर, एक मोठ्या शिडाच्या दोरावर, एक पुढच्या लहान शिडावर. बघणाऱ्याला वाटेल तिघे झोपलेत. प्रत्यक्षात तेव्हा सगळ्यात जास्त काम चालू असतं.

पहिली गोष्ट बसण्याची जागा. जोराच्या वाऱ्यात बोट कलंडू नये म्हणून सगळे वाऱ्याच्या बाजूला बाहेर वाकून बसतात. कमी वाऱ्यात उलटं. वारा जिकडं जातो त्या खालच्या बाजूला सरकून बोट मुद्दाम थोडी कलती ठेवायची. मग शीड स्वतःच्या वजनानं लोंबतं आणि त्याला आपोआप बाक येतो. नाहीतर वारा बिचारा शीड फुगवण्यातच संपतो. बोट कलल्यामुळं आणि वजन थोडं पुढं घेतल्यामुळं तिचं पोट पाण्याला कमी घासतं. मागची रुंद बाजू पाण्यात रुतली तर ती पाणी ओढत राहते.

दुसरी गोष्ट हालचाल. मांजरासारखं हलायचं. कुणी धपकन बसलं तर शिडात जमलेली सगळी हवा झटकली जाते आणि बोट पुन्हा शून्यावर येते. अशा वेळी बोटीवर बोलणंसुद्धा हळू आवाजात चालतं.

तिसरी गोष्ट सुकाणू. सुकाणू जितकं वळवाल तितकं ते पाण्यात आडवं येऊन ब्रेक लावतं. म्हणून ते दोन बोटांनी धरतात. बोट वळवायची तर आधी वजन सरकवून वळवायची, सुकाणूनं फक्त साथ द्यायची. बैलाला सारखा कासरा ओढला की तो थांबतो, तसं.

चौथी गोष्ट लोभ. वरच्या बोयाकडं थेट जावं म्हणून नवखा माणूस बोटीचं तोंड वाऱ्याकडं जास्त धरतो. कोन चांगला दिसतो, पण वेग मरतो. जुना माणूस तोंड थोडं खाली ठेवतो, लांबचा रस्ता घेतो, पण बोट चालती ठेवतो. कमी वाऱ्यात थांबलेली बोट पुन्हा चालती करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आणि पाचवी गोष्ट डोळे. शिडावर लोकरीचे बारीक धागे चिकटवलेले असतात. ते आडवे सरळ उडत असतील तर वारा शिडावरून नीट वाहतोय. लोंबले किंवा नाचायला लागले तर शीड बदला. पाण्याकडंही नजर हवी. गुळगुळीत पाण्यात जिथं काळपट डाग दिसतो, तिथं झुळूक उतरलेली असते. लांबच्या बोटीचं शीड भरलं, किनाऱ्यावरचा झेंडा हलला, धुराची दिशा फिरली, सगळं टिपायचं. वर जास्त वारा असतो, खाली कमी. म्हणून डोलकाठीच्या टोकाचा वारादर्शक आधी हलतो.

ओहोटीचा हिशेब चुकला की संपलं

मुंबईच्या पाण्यात दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. एकीकडून दुसरीकडं जायला साधारण ६ तास १२ मिनिटं लागतात, म्हणून रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा ओढ कमी. जिल्ह्यातल्या कोळ्यांना हे तिथीवरून तोंडपाठ असतं. इतकं पाणी सहा तासांत आत यायचं आणि बाहेर जायचं, म्हणजे त्याला ओढ येणारच. मधल्या दोन तासांत ती सगळ्यात जास्त असते.

आता गणित करा. वाऱ्यावर बोट दीड नॉटनं पुढं चाललीय. समोरून ओहोटीची ओढ दोन नॉटची आहे. शीड भरलेलं, पाणी बोटीला चाटून चाललंय, पुढं जातोय असं वाटतं. पण किनाऱ्याकडं बघितलं तर बोट अर्ध्या नॉटनं, म्हणजे तासाला जवळजवळ एक किलोमीटर मागं चाललीय.

अशा वेळी जुनी माणसं एक साधी युक्ती करतात. नांगर टाकतात. नियमात त्याला परवानगी आहे, फक्त पुढं निघताना तो परत वर घ्यायचा. बाकीच्या बोटी शीड भरून मागं वाहत जातात आणि नांगर टाकून बसलेली बोट एका जागी राहून सगळ्यांच्या पुढं निघते. वारा आला की नांगर वर.

दुसरा उपाय काठाचा. खोल पाण्याच्या मधल्या भागात ओढ जास्त, उथळ काठाला कमी. ओढ उलटी असेल तर काठ धरायचा, आपल्या दिशेची असेल तर मध्यात जायचं. पण काठाला चिखल आहे. ओहोटीत बोट चिखलावर बसली तर पुढची भरती येईपर्यंत तिथंच.

पंच जवळ नसलेली शर्यत

या खेळाची एक गोष्ट गावाकडं मुद्दाम सांगावी अशी आहे. क्लबच्या शर्यतीत प्रत्येक बोटीमागं शिट्टी घेऊन कुणी फिरत नाही. नियम खेळणाऱ्यांनीच पाळायचे असतात.

नियम तसे सोपे आहेत. दोन बोटी समोरासमोर आल्या तर जिला उजवीकडून वारा लागतोय तिचा रस्ता आधी, डावीकडून लागतोय तिनं बाजूला व्हायचं. दोघींना एकाच बाजूनं वारा असेल तर वाऱ्याकडची बोट बाजूला होते. चुकलं तर स्वतःच बाहेर येऊन दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या. बोयाला बोट लागली तर एक गिरकी. दुसऱ्यानं चूक केली आणि मान्य केली नाही तर ओरडून तक्रार जाहीर करता येते, नंतर समितीसमोर सुनावणी होते.

कमी वाऱ्यात सगळ्यात मोठा मोह वेगळाच असतो. बोट डावी-उजवी डोलवली किंवा शीड पुन्हा पुन्हा ओढलं की पंख्यासारखा वारा तयार होतो आणि बोट पुढं जाते. सुकाणू जोरात हलवलं तर ते वल्ह्यासारखं काम करतं. हे सगळं नियमानं बंद आहे. बोट वाऱ्यानं आणि पाण्यानंच चालली पाहिजे. पण अंधार पडायला आलेला, पंचांची बोट लांब आणि पुढची बोट हाताच्या अंतरावर. कुणी बघत नाही. तेव्हा दोर न हलवता गप्प बसणं सोपं नसतं. संध्याकाळच्या शर्यतीत माणसाची खरी परीक्षा इथं होते.

परतायचं कधी?

ठरलेल्या मुदतीत एकही बोट शेवटच्या रेषेवर पोचली नाही तर शर्यत रद्द होते. वारा फारच कमी असेल तर पंच झेंडा लावून फेऱ्या कमी करतात किंवा शर्यत थांबवतात.

पण काही वेळा निर्णय बोटीवरच्या लोकांना घ्यावा लागतो. मुंबईच्या बंदरात मालाची मोठमोठी जहाजं ये-जा करतात. त्यांचा ठरलेला खोल मार्ग असतो, ती लगेच थांबू शकत नाहीत, वळू शकत नाहीत. अशा मार्गात वारा पडून अडकलेली शिडाची बोट म्हणजे रुळावर बंद पडलेली बैलगाडी. म्हणून लाइफ जॅकेट अंगावर, टॉर्च हाताशी, नांगर तयार आणि ओढून न्यायला मोटरबोट पाण्यात, एवढं असल्याशिवाय निघायचं नाही. आणि मार्गाजवळ वारा गेला तर पहिला नंबर सोडून दोर मागायचा. त्यात कमीपणा मानत नाहीत.

गावाकडच्या मुलांना यात काय आहे?

हा खेळ श्रीमंतांचा, असं सरळ म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे. बोट महाग, क्लबचं सभासदत्व महाग. पण खेळाडू फक्त क्लबातून येत नाहीत.

मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर शेतकऱ्याच्या घरातली. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब. ती भोपाळच्या तलावावर शीड शिकली आणि २०२३ मध्ये चीनमधल्या हांगचौ इथं झालेल्या आशियाई स्पर्धेत मुलींच्या एकट्यानं चालवायच्या बोटीत रौप्यपदक घेऊन आली. त्याच स्पर्धेत भारतीय लष्कराच्या विष्णू सरवणननं कांस्यपदक मिळवलं. टोकियो आणि पॅरिस या दोन ऑलिंपिकलाही तो गेला. मुंबईच्या पाण्यानंही पदक पाहिलंय. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या होत्या, तेव्हा फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीनं सुवर्णपदक जिंकलं.

आणि १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईतून निघालेले नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ मे २०१० ला एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून इथंच परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ बोट गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. विषुववृत्ताजवळच्या शांत पट्ट्यात अशा बोटींना दिवसच्या दिवस वाऱ्याची वाट पाहावी लागते. म्हणजे संध्याकाळी बंदरात जे तासभर शिकायचं, तेच तिथं कामाला येतं.

गावातल्या मुलांसाठी ओळखीचे दोन-तीन रस्ते आहेत. कॉलेजात एनसीसीची नेव्हल विंग असेल तर तिथं बोट वल्हवणं आणि शीड चालवणं शिकवतात. लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या लहान वयातच, साधारण ८ ते १४ वर्षांच्या मुलांना निवडून खेळ आणि शाळा दोन्ही सांभाळतात. मुंबईत लष्कराचं शिडाच्या बोटींचं प्रशिक्षण केंद्र आहे. एनडीएत गेलेल्या पोरांना पुण्याजवळ खडकवासल्याच्या पाण्यावर शीड धरायला मिळतं. भरती कधी, अट काय, हे दरवेळी बदलतं. त्यामुळं एजंटला पैसे न देता थेट सैन्य भरती कार्यालयात किंवा कॉलेजच्या एनसीसी अधिकाऱ्यांकडं विचारावं. पोहता येणं मात्र आधी हवं, आणि ते विहिरीवरही शिकता येतं.

पुढच्या वेळी माल उतरवून तुर्भ्यात हातात अर्धा दिवस मोकळा असला तर वाशी स्टेशनवरून लोकलनं सीएसएमटीला जा, तिथून गेटवेला. हंगाम हिवाळ्याचा असेल तर चार-साडेचारला धक्क्यावर उभं राहून पाण्याकडं बघा. शिडं दिसली तर सगळ्यात पुढच्या बोटीकडं नका बघू. काळपट झुळुकीकडं हळूच तोंड वळवणारी मागची बोट शोधा. अर्ध्या तासानं ती कुठं आहे, ते बघून मग परतीची गाडी पकडा.